सारंगकोटवरून दिसलेला फेवाताल

गोंदियाहून रेल्वेने वाराणसी, पुढे गोरखपूर, आणि सुनौलीची सीमा पायी ओलांडून नेपाळ. बुटवल मागे पडलं की सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो तो थेट पोखऱ्यापर्यंत. वाटेत पाल्पा लागतं, रामदीला कालीगंडकीचा पूल येतो. सौंदडचा माझा मित्र सारा रस्ता खिडकीला नाक लावून बसला होता. कार्तिक संपत आला होता. उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बांध्यांमध्ये धान पिवळं झालं होतं आणि बाया विळे घेऊन कापणीला लागल्या होत्या. आमच्या सडक अर्जुनीकडेही याच दिवसांत कापणी चालते.

पोखरा आठशे मीटरच्या आसपास, सारंगकोटची टेकडी सोळाशेची. पहाटे अंधारातच वर पोचलो. चहा देणाऱ्या दिदीने ‘आज उघडेल’ असं सांगितलं आणि खरंच उघडलं. सर्वांत उंच शिखरांच्या टोकांना आधी तांबूस रंग चढला, मग तो खाली झिरपत गेला. पश्चिमेला धौलागिरी, समोर अन्नपूर्णेची रांग, आणि मधोमध सुळक्यासारखं माछापुच्छ्रे, ६९९३ मीटर. शहरापासून ते अवघ्या तीसेक किलोमीटरवर आहे. म्हणजे धानाच्या शेतात उभं राहून मान वर केली की बर्फ! आयुष्यभर नवेगावच्या टेकड्यांना डोंगर म्हणत आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

अन्नपूर्णेच्या मुख्य शिखरावर १९५० साली फ्रान्सचे मोरिस हर्झोग आणि लुई लाशनाल चढले. आठ हजार मीटरवरचं माणसाने सर केलेलं ते पहिलं शिखर. २०२१ मध्ये साताऱ्याची प्रियांका मोहिते तिथे पोचली, ते गाठणारी पहिली भारतीय महिला. माछापुच्छ्रेची गोष्ट वेगळी. १९५७ ची ब्रिटिश मोहीम माथ्याच्या थोडं अलीकडे थांबली आणि पुढे नेपाळने त्या पवित्र पर्वतावर चढाईची परवानगीच दिली नाही. इतक्या देखण्या शिखरावर चढायचं नाही असं एका देशाने ठरवावं, याचा मला मनापासून आनंद झाला.

सगळे उत्तरेकडे तोंड करून फोटो काढत होते. मी मात्र दक्षिणेच्या कठड्याशी गेलो. खाली फेवाताल पसरला होता, बेटावर तालबाराहीचं देऊळ, काठाला होड्या. आम्ही झाडीपट्टीची माणसं. तलाव दिसला की आधी त्याची पाळ शोधतो, मग पाणी कुठून येतं ते पाहतो. फेवा मुळात निसर्गाने घडवलेला, पण त्याच्या तोंडाशी बांध घातला आहे. आमचा नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, डोंगरांमधल्या फटी पाळीने बुजवून. फेव्यात जलारी लोक मासे धरतात, आमच्याकडे ढिवर.

पश्चिमेच्या टोकाला मात्र पाणी संपून शेतं सुरू झालेली दिसत होती. हर्पन खोला ही नदी डोंगरातली माती आणून तलावात ओतते. वरून ते इतकं स्वच्छ दिसतं की नकाशाची गरज नाही. आमचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असेच भरले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि दरवर्षी गाळ काढणारे गावाचे हात सुटत गेले. गाळ एका दिवसात दिसत नाही म्हणून त्याची कुणाला घाई नसते. मला ही बेफिकिरी फार लागते.

टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, सेतीच्या खोऱ्यात, ताशी पाल्खेल ही तिबेटी वस्ती आहे. आमच्याकडे गोठणगावजवळची नॉर्गेलिंग वसाहतही तिबेटींचीच, १९७२ ची. तिथल्या लोकांना लहानपणापासून पाहत आलो, पण त्यांनी मागे काय सोडलं ते या बर्फाकडे पाहून थोडं उमगलं. धानाच्या सपाट मुलखात, मे महिन्याच्या उन्हात त्यांनी घरं उभी केली. केवढी जिद्द लागली असेल!

आम्ही गाडीने न परतता पायवाटेने तलावाच्या त्या पश्चिम टोकाला, पामे गावाकडे उतरलो. तिथे एक शेतकरी कापलेल्या धानाच्या पेंढ्या बांधत होता. त्याचे वडील याच जागी होडी चालवायचे, असं तो म्हणाला. पीक उत्तम येतं, पण पावसाळ्यात कधीकधी तलाव आपली जागा परत मागतो. मित्राने त्याला गाळ काढून बांध्यांत टाकण्याची आमची जुनी रीत सांगितली. त्याने पेंढी खाली ठेवली आणि किती खोल काढता, कुणी काढायचा, बैलगाड्या कुणाच्या, असं एकेक विचारू लागला. मग आम्ही तिघे तिथेच धुऱ्यावर बसलो.