एक-तीन-चार-दोन

गाडी एकाची असायची, टायमिंग लावायला मात्र अख्खी गल्ली हजर. १९७४ साली फियाटचं नाव पद्मिनी झालं, पण दादरच्या आमच्या गल्लीत ते कुणी मनावर घेतलं नाही. फियाट ती फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, म्हणजे घरचीच. रविवारी सकाळी तिचं बॉनेट उघडलं की गॅलरीगॅलरीतून माना बाहेर यायच्या आणि चहाचे कप खाली उतरायचे.

सामान तरी काय लागायचं? पाना, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा, जुन्या धोतराचं फडकं आणि दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब. फिलर गेज असला तर उत्तम, नसला तर दाढीची चार ब्लेडं एकावर एक धरून काम भागायचं. पॉइंट काळे पडले असतील तर घासायचे, खड्डा पडला असेल तर बदलायचे, कंडेन्सरवर संशय घ्यायचा (तो सगळेच घ्यायचे), आणि मग गॅप. गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम ज्याने उलटा केला त्याची दुपार गेलीच म्हणून समजा, कारण गॅप हलला की टायमिंगही हलतं.

मग हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचं, पुलीवरची खूण जागेवर आणायची, रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे आहे ना ते बघायचं. नसलं तर आणखी एक फेरा. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी फिरवून डिस्ट्रिब्युटर केसभर, केसभर सरकवायचा. पॉइंट उघडला त्या क्षणी बल्ब पेटायचा आणि शेजारचे काका ओरडायचे, “थांब! तिथंच आवळ!” आवळताना तो हटकून हलायचा. की पुन्हा पहिल्यापासून.

वायरी लावायचं काम आम्हा पोरांचं. एक-तीन-चार-दोन. सतराचा पाढा अडायचा, पण एक-तीन-चार-दोन झोपेतही पाठ. पावसाळ्यात कॅपमध्ये दमट हवा शिरली की सगळं काढून, पुसून, कोरडं करून पुन्हा एक-तीन-चार-दोन. दोन वायरींची अदलाबदल झाली की सायलेन्सरमधून असा बार निघायचा की वरच्या मजल्यावरच्या आजी दिवाळीची चौकशी करायच्या.

बल्बने फक्त सुरुवात व्हायची. निकाल कानाचा. ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिन खडखडणार, शिवाय हँडल उलटं येऊन मनगटावर बसणार. म्हणून अंगठा कायम बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही पहिली शिकवण. फार उशिरा पडली तर पिकप मेला, इंजिन तापलं, पेट्रोल मनसोक्त प्यालं. पेट्रोलात रॉकेल किती, ते पंपवाल्यालाच ठाऊक. त्यामुळे पुस्तकातल्या अंशांपेक्षा कान बरा, असं आमचं अजूनही मत आहे. टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंचित किणकिण व्हावी आणि लगेच विरावी, म्हणजे जमलं.

खरी परीक्षा खंडाळ्याच्या घाटात. गाडी खडखडली की काका बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे. “केसभर मागे घेतो, पाच मिनिटं.”

मागच्या सीटवरून, डबे मांडीवर घेऊन बसलेल्या काकू: “आधी मला लोणावळ्याला सोडा. मग काय तो केस मागे घ्यायचा तो घ्या.”