बिनकुटाचा डबा

साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट नुसतं चवीपुरतं नसतं. भिजलेल्या साबुदाण्याचा ओलावा ते शोषून घेतं, म्हणून खिचडी मोकळी होते. कूट वगळलं की कढईत परतता परतता गोळा व्हायला लागतो. आषाढी एकादशी येते ती बहुधा उन्हाळी कॅम्पच्या दिवसांत, आणि इथे कॅनडातल्या ओंटारिओत कॅम्पच्या सूचनांमध्ये ठळक ओळ असते: शेंगदाणे नकोत, काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते नकोत. लेकीला तर उपासाची भारी हौस. मग मी भोपळ्याच्या बिया मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजते, जाडसर भरडते आणि साबुदाण्याला हलक्या हाताने चोळून ठेवते. खिचडी जराशी हिरवट दिसते, पण मोकळी होते आणि डब्यात दुपारपर्यंत तशीच राहते.

शेंगदाणा बाजूला काढायला बसलं की तो आपल्या जेवणात किती खोल गेलाय ते कळतं. काकडीच्या कोशिंबिरीत तो, भरल्या वांग्यात तो, मेथीच्या पातळ भाजीत, अळूच्या फतफत्यात, पोह्यांत. सोलापुरी चटणी तर सगळी त्याचीच. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे पीक आपण इतकं आपलंसं केलं की ते उपासालाही चालतं. त्याच दाण्यातली प्रथिनं ॲलर्जी असलेल्या एखाद्या लेकराचं शरीर शत्रू समजतं. भाजून ती जात नाहीत. लाकडी घाण्याच्या तेलातही ती उरू शकतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब उतरतो, आणि हे काही मिनिटांत होऊ शकतं.

म्हणून डब्याची तयारी मिक्सरपासून सुरू होते. चटणीच्या भांड्यात पात्याखाली आणि झाकणाच्या रबरी कड्यात कूट अडकून बसतं, घासूनही हमी देता येत नाही. डब्यासाठी वेगळं भांडं ठेवलं आहे, त्यात दाणा कधी पडत नाही. डाळं सुटं घेत नाही, कारण दुकानातला चमचा आधी कशात बुडाला होता कोण जाणे. बंद पाकीट घ्यायचं आणि उलटं करून दाण्याच्या अंशाबद्दलची शेवटची ओळ वाचायची. सकाळी पोळीबरोबर दाण्याची चटणी खाल्ली असेल तर हात साबणानेच धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो, दाण्याचं प्रथिन मात्र हातावर तसंच राहतं. नारळाचं विचारूनच ठरवते. अमेरिकेत तर 2025च्या जानेवारीपर्यंत सरकारी यादीत नारळ काजू-बदामांच्याच रांगेत होता. कोशिंबिरीला डाळ्याचं कूट छान लागतं. भरल्या वांग्याला नाही लागत, ती रात्री घरी करते.

हे सगळं अंगवळणी पडतं. मला जड गेला तो दुसरा नियम: आपला डबा कुणाला द्यायचा नाही, कुणाचा घ्यायचा नाही. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडून मधोमध ठेवले जायचे आणि कुणाच्या आईचं लोणचं कुणाच्या पोळीवर जायचं. एकटीने खाऊ नये हे घरात न सांगताच शिकलेली मी, लेकीला रोज सांगते, तुझं तूच खा. वाईट वाटतं. तरीही ठामपणे सांगते, कारण सहा-सात वर्षांच्या मुलाला पाकिटावरची ओळ कळत नाही आणि मैत्रिणीने पुढे केलेल्या घासाला नाही म्हणता येत नाही.

पण नुसत्या बंदीवर विसंबू नये, हेही मला तितकंच वाटतं. याच प्रांतात 2003 साली सब्रिना शॅनन ही तेरा वर्षांची मुलगी शाळेत बटाट्याचे तळलेले काप खाऊन गेली. घात दाण्याने केला नव्हता, चिमट्याला लागलेल्या दुधाच्या अंशाने केला. तिचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लॉकरमध्ये होतं. तिच्या नावाचा कायदा 2006च्या 1 जानेवारीपासून लागू झाला, आणि त्यात एकाही पदार्थावर बंदी नाही. शिक्षकांना शिकवा, प्रत्येक मुलाची योजना लिहून ठेवा, असं तो सांगतो. 2021 साली मॅकमास्टर विद्यापीठाच्या सुझन वॉसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही शाळांना हेच सुचवलं: सरसकट बंदीपेक्षा प्रशिक्षणावर आणि शाळेत जादा इंजेक्शन ठेवण्यावर भर द्या. माझा डबा मी तरीही बिनकुटाचाच भरते. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाच्या आईला सकाळी एक काळजी कमी असावी. शाळेकडे मात्र दरवर्षी मी विचारते, जेवणाच्या वेळी मुलांपाशी कोण असतं आणि इंजेक्शन कुठे असतं.

यंदा आई आली ती बॅगेत लोणावळ्याची चिक्की घेऊन. लेकीने चिक्कीचा डबा वरच्या फळीवर ठेवायला लावला आणि आजीला खुर्चीवर बसवलं. शाळेत त्यांना औषध नसलेलं, सरावाचं इंजेक्शन हाताळायला दिलं होतं. तिने स्केचपेन मुठीत धरलं. "आजी, निळं टोक आभाळाकडे, केशरी मांडीकडे. कपड्यावरून चालतं." पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला टेकवून दाबून धरलं, आकडे मोजले.

"आणि मग?" आईने विचारलं.

"मग नऊ-एक-एकला फोन. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचं."

आईने पेन तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "थांब, आता मी करते. तू बघ चुकते का."