गाय चरती, बैल चरतो

नेवासे तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीला शिकवते. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे तिसरीत येईपर्यंत मुलांना बरेच शब्द ओळखीचे झालेले असतात. अडतं ते वाक्यात. 'द बॉय प्ले' आणि 'द बॉइज प्लेज' ही जोडी दरवर्षी कितीतरी वह्यांत सापडते.

यामागे मुलांचा सरळ हिशोब असतो. अनेक झाले की शब्दाला 'एस' लागतो, मग क्रियापदालाही लागणारच. मराठीत 'खेळतो'चं 'खेळतात' होतं, म्हणजे माणसं वाढली की क्रियापदही लांबतं. इंग्रजीत नेमकं उलट. म्हणून मी इंग्रजीचा धडा मराठीतून सुरू करते.

फळ्यावर फक्त 'चरणे' लिहिते आणि एकेक जनावर सांगते. वर्ग सुरात म्हणतो, "गाय चरती, बैल चरतो, वासरू चरतं, गाया चरत्यात." वहीत 'चरते' आणि 'चरतात' लिहायचं, हे मग सांगते, पण तोंडातलं रूप आधी कौतुकानं ऐकून घेते, कारण लिंग-वचनाचा मेळ त्यातही चोख असतो. पुढे "रामानं..." एवढंच म्हणून थांबते. आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. इथं खाणारा तोच राहिला, तरी क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदललं. कर्मणी प्रयोग हे नाव या मुलांनी ऐकलेलंही नसतं, तरी चूक क्वचितच होते. उसाच्या हंगामात तोडणी कामगारांची मुलं वर्गात येतात, त्यांचे उच्चार थोडे वेगळे असतात. मेळ मात्र पक्का असतो.

इंग्रजीसाठी मी कागदी टोपी करते, तिच्यावर 'एस' लिहिलेला. एक मूल 'बॉय' होतं, दुसरं 'प्ले'. टोपी दोघांत एकच. 'बॉइज' झाले की टोपी तिकडे आणि 'प्ले' बोडका. 'बॉय' एकटा असला की टोपी 'प्ले'ला. 'चिल्ड्रन'ला टोपी लागत नाही, 'आय' आणि 'यू'बरोबरही 'प्ले' बोडकाच राहतो. हे अपवाद युक्ती अंगवळणी पडल्यावरच सांगते, आधी सांगितलं की गोंधळ होतो.

खरी अडचण बाबांची. 'माय मदर गोज' बरोबर लिहिणारी मुलगी 'माय फादर गो' लिहिते. विचारलं तर म्हणाली, "बाई, बाबा जातात ना!" तिच्या घरी आई जाते आणि बाबा जातात. आदराचं अनेकवचन तिनं इमानानं इंग्रजीत नेलं होतं. मी वर्गाला सांगितलं, इंग्रजीत मान क्रियापदातून दाखवत नाहीत. माणूस एक असेल तर 'गोज'च, मग ते बाबा असोत, सरपंच असोत की आपले मुख्याध्यापक. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग इंग्रजीत आई आणि बाबा सारखेच?" मी म्हणाले, "हो, अगदी सारखे." मुली हसल्या, आणि दोन्ही वाक्यं त्यांनी एकाखाली एक लिहून काढली.

व्याकरण मुलांना येत नाही, असं आपण फार सहज बोलतो. शाळेत पाऊल टाकण्याआधीच घरात, शेतात, गोठ्यात ते त्यांनी आत्मसात केलेलं असतं. शिक्षकानं आधी ते कान देऊन ऐकावं. मग परक्या भाषेतल्या नियमाची भीती उरत नाही. आपल्यापेक्षा तो कुठे वेगळा आहे, एवढंच शिकायचं राहतं.