डावं आणि उजवं

आमच्या जिल्ह्यात गाडीची डावी बाजू आधी म्हातारी होते. हिंगोलीहून सेनगावकडच्या खेड्यांना, औंढ्याच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा वसमतकडच्या उसाच्या गावांना जाणारे कितीतरी रस्ते जेमतेम एका गाडीपुरते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला की तो काही डांबर सोडत नाही. खाली उतरायचं ते आपण. डावी दोन्ही चाकं कडेवरून साइडपट्टीत आदळतात आणि ट्रॉल्या गेल्या की तीच कड चढून वर येतात. उजवी चाकं या सगळ्यात डांबरावरच. शिवाय आमची काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर उठबस करतो. कडेची माती आधी खचते, डांबराची धार उघडी पडते. अकोला-नांदेड महामार्ग चौपदरी झाला, तिथं कुणासाठी खाली उतरावं लागत नाही. पण आमच्यासारख्यांच्या शाळा महामार्गावर नसतात.

तेव्हा पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येऊ लागली याचं नवल वाटलं नाही. औंढा रोडवरच्या गॅरेजात मिस्तरींनी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, लोअर आर्मच्या बुशात टॉमी घालून हलकेच दाबली. रबर एका बाजूनं फाटून आतली लोखंडी नळी मोकळी हलत होती. शॉकअपवर तेल पाझरून त्याच्यावर धुळीचा काळा लेप बसला होता. मग त्यांनी उजवं चाक काढलं. तिथलं बुश वरवर तडकलेलं, पण टॉमीला दाद न देणारं. शॉकअप कोरडा. मी म्हटलं, "हे तर चांगलं आहे." मिस्तरी म्हणाले, "चांगलं हाय मॅडम, पण त्याचंबी वय तेवढंच हाय ना. डावं वाजू लालंय, उजवं उद्या वाजंल. खोललंच हाय तर दोन्हीकडचं टाकून घ्या."

हे वाक्य कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळतं आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन शंका एकदमच येतात: हा माणूस माझ्या भल्याचं सांगतोय, की बिल वाढवतोय? मला वाटतं, या दोन्ही शंका बाजूला ठेवून त्या 'दोन्ही'ची फोड करायला हवी. कारण त्या एका सल्ल्यात तीन वेगवेगळी कारणं एकत्र बांधलेली असतात, आणि तिन्हींचं वजन सारखं नसतं.

पहिलं कारण तोलाचं. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते, पुन्हा उसळते, पुन्हा दबते. तिला एकटी सोडली तर ती डोलतच राहील. ते डोलणं थांबवण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं, ते बारीक झडपांतून ढकललं जाताना उसळीचा जोर खातं. तेल गळालं, झडपा झिजल्या की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, नाचतं. टायर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखं झिजतं, आणि खडबडीत रस्त्यावर ब्रेक मारला की जे चाक हवेत आहे ते काहीच धरत नाही. आता एका बाजूला करकरीत नवा शॉकअप आणि दुसऱ्या बाजूला निम्मा दमलेला असेल, तर एकाच खड्ड्याला दोन चाकं दोन वेगळी उत्तरं देतात. सरळ रस्त्यावर, सावकाश चालवताना ते जाणवणारही नाही. वळणावर, ओल्यात, अचानक ब्रेक लागल्यावर जाणवेल. म्हणून शॉकअप आणि स्प्रिंगा एका आसावर जोडीनंच बदलतात. याला मी हिशेबाची बाब मानत नाही.

माझे वडील कळमनुरी तालुक्यातले शेतकरी. आमच्याकडे लाल कंधारी बैलांची जोडी असायची, आणि जोडीतला एक थकला की अण्णांपुढे हाच प्रश्न असे. थकल्या बैलाच्या जागी नवा गोऱ्हा आणला तर तो पुढे ओढतो, जुना मागे पडतो, तास वाकडा जातो आणि संध्याकाळी दोघंही बेजार. पण तिथं एक सोय होती. जुवावरची मधली बांधणी जराशी सरकवायची, म्हणजे दुबळ्याच्या वाट्याला लांब बाजू येते आणि दांडग्याच्या वाट्याला आखूड. ओझं आपोआप दांडग्यावर सरकतं. आणखी एखादा हंगाम निभून जाई. मोटारीच्या आसाला असं जू नाही. नव्या शॉकअपला कुणी सांगू शकत नाही की बाबा, शेजारचा थकलाय, जरा सांभाळून घे.

या निमित्तानं एक गमतीची गोष्ट डोक्यात येते. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे; केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटरची. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांमध्ये ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकावर टांगलेले आहेत. शेवटच्या टप्प्यात आरसा पेलतात ते काचेसारख्या सिलिकाचे चार धागे, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. सगळा खटाटोप कशासाठी, तर जमिनीची थरथर आरशापर्यंत पोचू नये. तिथंही टांगणं हे एक काम आणि टांगलेलं डोलू न देणं हे दुसरं काम. म्हणजे ज्या तालुक्यात आमच्या कमरेला प्रत्येक खड्डा कळतो, त्याच तालुक्यात उद्या असा आरसा लटकणार, की ज्याला बाजूनं गेलेली ट्रॉली कळू नये यासाठी शास्त्रज्ञ जिवाचं रान करतील. आमची मागणी त्यामानानं फारच थोडी आहे.

असो. दुसरं कारण मजुरीचं. पुढचा शॉकअप काढायचा तर स्प्रिंग आवळून धरावी लागते, वरची माउंटिंग सुटते, तिच्यातलं बेअरिंग हातात येतं. माउंटिंगचं रबर बसलेलं असलं आणि ते तसंच परत लावलं, तर काही महिन्यांनी तेवढ्याचसाठी हे सगळं पुन्हा उघडायचं. पार्ट स्वस्त, मजुरी तीच. इथं 'खोललंच हाय तर' हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. लिंक रॉडचंही तसंच. तो शॉकअपलाच जोडलेला, काही शेकड्यांत येतो, आणि पुढून येणाऱ्या खडखडीचा पुष्कळदा तोच धनी असतो.

तिसरं कारण वयाचं: हे गेलं, म्हणजे तेही जाणारच. हे ऐकायला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं आणि माझ्या मते तिथंच थांबून विचार करावा. लोअर आर्म काढायला शॉकअप सोडवावा लागतोच असं नाही. आज डावा बदलला आणि वर्षभरानं उजवा, तर मजुरीत फारसं नुकसान नाही. तोलाचाही प्रश्न नाही, कारण धड असलेलं जुनं बुश आणि नवं बुश यांत चालीला जाणवावा असा फरक नसतो. उरतं फक्त वय. आणि वय म्हणजे नुसते किलोमीटर असते तर दोन्ही बाजू एकदम गेल्या असत्या. त्या गेल्या नाहीत, कारण डाव्या बाजूनं जे सोसलं ते उजवीनं सोसलेलंच नाही. एसटीच्या आगारात ठरल्या मुदतीला पार्ट बदलतात ते योग्यच आहे. पन्नास माणसं घेऊन निघालेल्या गाडीनं मधेच बसून चालत नाही. माझ्या गाडीत बहुतेक वेळा मी आणि तपासायच्या वह्या असतात. मी दर काही महिन्यांनी टॉमी लावून बघायला सांगू शकते.

शिवाय नव्या पार्टाची एक खोड असते, तो इतरांचं म्हातारपण उघड करतो. डाव्या बाजूची मोठी खडखड थांबली की तिच्याखाली दबलेली मागच्या दाराची कुरकुर ऐकू येते. ती मिटवली की स्टेअरिंगखालून टकटक. आवाजामागे आवाज रांगेत उभे असतात. पूर्ण शांत गाडी हवी म्हणून बदलत सुटलो तर शेवटी नंबरप्लेट तेवढी जुनी उरेल. जुनी गाडी ही वेगवेगळ्या वयांच्या भागांची वस्तीच असते. कुठला फरक चालवून घ्यायचा आणि कुठला नाही, एवढंच आपल्या हातात. पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्या वयात अंतर असलं तर चालतं. एकाच आसावरच्या दोन शॉकअपमध्ये नको.

मी तसं सांगितलं. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही माउंटिंग, दोन्ही लिंक रॉड, आर्म मात्र डावाच. मिस्तरींनी जरा मान हलवली, पण टाय रॉडला हात लावून "ह्याला काय झालं न्हाई" असं स्वतःहून म्हणाले, तेव्हा माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. आर्म बसवताना त्यांनी बोल्ट आधी सैलच ठेवले, गाडी चाकांवर खाली उतरवली, दोनदा बॉनेट दाबून हलवली आणि मग आडवं पडून बोल्ट आवळले. गाडी हवेत लटकत असताना आवळले तर खाली उतरल्यावर बुशाचं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. घाई असलेले लोक हे करत नाहीत. यानंतर व्हील अलाइनमेंट करायलाच हवं, हेही त्यांनीच बजावलं. आर्म आणि शॉकअप हलले की चाकाचा कोन हलतो आणि नवंकोरं टायर एका कडेनं खाल्लं जातं.

काढलेले शॉकअप फरशीवर ठेवले होते. मी दोन्ही हातानं दाबून पाहिले. डावा सायकलच्या फुटक्या पंपासारखा खाली गेला तो गेलाच. उजवा मात्र सावकाश, अडून अडून खाली गेला. त्याच्यात अजून बरंच काही शिल्लक होतं, आणि ते भंगारात टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"हा ठेवून घेऊ का मॅडम?" मिस्तरींनी विचारलं. "ह्याच मॉडेलची एक गाडी येती, नर्सीच्या बाजूची. तिचा उजवा वाकलाय."

"आणि तिचा डावा?"

"त्योबी आसाच हाय. निम्मा."

मी म्हटलं, मग त्याचे पैसे माझ्या बिलातून कमी करा. ते हसले, डाव्याला पायानं बाजूला सारलं आणि अलाइनमेंटचे पैसे सोडून दिले.