दादा, आधी माप

दादा,

इचलकरंजीच्या एका निवृत्त मास्तरांच्या मारुती 800 चा ब्लॉक उद्यमनगरात आपल्या टेबलावर आहे. गाडी 1986 ची. मास्तर पाव मिलिमीटर ओव्हरसाइझचे पिस्टन बरोबर घेऊनच आले आणि म्हणाले, एवढं बोअर करून द्या. तू असतास तर त्यांच्यासाठी चहा सांगितला असतास आणि खोका हळूच बाजूला सारला असतास. मीही तेच केलं.

आठवतं, मला किती छळायचास? वेल्च प्लग काढल्याशिवाय ब्लॉक धुवायचा नाही, धुतलेला ब्लॉक गरम असताना गेजला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळायचं आणि तू म्हणायचास, रात्रभर थंड होऊ दे. बिडाचा ब्लॉक तीस अंशांनी तापलेला असला तर या बोअरमध्ये मिलिमीटरच्या दोन शतांशांचा फरक पडतो, हे कधी समजावलंस का? नुसतं "थांब" म्हणायचास. सगळं तुझ्या डोक्यात. पुण्याला पोरांकडं गेलास तेव्हा गेज, स्ट्रेट एज, मायक्रोमीटर सगळं माझ्या हवाली केलंस. वही तेवढी दिली नाहीस, कारण ती नव्हतीच. त्याचा राग अजून आहे माझ्या मनात.

तर ऐक. रॉकेल लावून पुसलं, खडूची पूड टाकली. हेडच्या बोल्टांभोवती, सिलिंडरांच्या मधल्या भिंतींवर, कुठंच रेघ उमटली नाही. वरचा फेस उभा, आडवा, दोन्ही कर्णांत पाहिला. पाच शतांशांची पत्ती शिरत नाही. मग 68.50 ला गेज लावून बोअर घेतले. तिसरा वाईट आहे. वरची रिंग जिथवर येते त्याच्या जरा खाली, क्रँकला आडवं 68.69. तिथंच क्रँकच्या रेषेत 68.58. तळाशी 68.52. तोंडाजवळची ती पायरी, तू माझं बोट धरून दाखवायचास ती, नखाला चांगलीच अडकते.

68.69 बघून कुणीही म्हणेल, 68.75 ला साफ होईल. पण झीज दोन्हीकडं सारखी कुठं असते? पिस्टन ज्या बाजूला रेलतो ती भिंत जास्त खाल्ली जाते. पायरीच्या वर, जिथं रिंग पोहोचतच नाही, त्या मूळ जागेवरून मध्य धरला आणि कटरऐवजी डायल फिरवला. एका बाजूला पंधरा शतांश, समोर चार. पाव मिलिमीटरचं बोअर दर बाजूला साडेबाराच काढणार. डाग राहणार. झिजलेल्या भागाला धरून बार बसवला असता तर साफ झालं असतं, पण सिलिंडरच जागचा सरकला असता. कटर चालताना हे कळत नाही, आणि काढलेलं बीड परत लावता येत नाही.

हे तुझ्यामुळं सुचलं, दादा. मास्तरांचा चेहरा उतरला होता. त्यांना शेजारी उभं करून सुई दाखवली, तेव्हा तेच म्हणाले, अर्ध्या मिलिमीटरचा सेट आणतो. तो आला की प्रत्येक पिस्टनचा स्कर्ट मोजायचा आणि ज्याच्या त्याच्या मापानं बोअर करायचा. तोवर मेन बेअरिंगच्या कॅप टॉर्कनं कसून ती लाईन बघून घेतो.

एक कर. तुला आठवतील तेवढ्या ब्लॉकांची मापं, कुठं झिजायचे, कुठं तडकायचे, रोज थोडं फोनवर सांग. मी लिहून घेतो.

तुझा,
धाकटा