तेवीस किलोंची शिदोरी

लेकीच्या परदेशगमनाची तयारी सुरू झाली तेव्हा आमच्या नांदेडच्या घरात सर्वांत आधी आला तो सामान तोलण्याचा काटा. विमानात बॅग एकच, तीही तेवीस किलोंची. हा काटा घराच्या मधोमध टांगला गेला आणि पुढचे तीन आठवडे आम्ही उभयतांनी त्याच्याकडे जितक्या वेळा पाहिले, तितके भिंतीवरच्या घड्याळाकडेही पाहिले नसेल.

रविवारच्या मिस्सानंतर जो भेटे, तो काहीतरी हाती ठेवून जाई. कोणी शेंगदाण्याची चटणी, कोणी लिंबाचे लोणचे, कोणी जपमाळ. लातूरच्या मामींनी पाच किलो तूरडाळ धाडली. लातूरची डाळ नाकारायची कशी? घरात येसर कुटला गेला, त्याचा वास दोन दिवस गेला नाही. प्रभूने शिष्यांना पाठवताना काठी, झोळी, भाकरी, पैसा, दुसरा अंगरखा, काहीच बरोबर घेऊ नका असे सांगितल्याचे लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. आम्ही ते लहानपणापासून ऐकत आलो. पण बॅग भरताना ते आठवले की मनाला खाजील वाटे. मग आमच्या फादरांनीच हसत हसत बावीसावा अध्याय काढून दिला. तिथे तोच प्रभू म्हणतो की आता ज्याच्याजवळ थैली आहे त्याने ती घ्यावी. आम्हांला बावीसावा अध्याय अधिक मानवला, हे कबूल करतो.

तरी काटा काही कोणाचे ऐकत नव्हता. गावरान तुपाची बरणी प्रथम बाहेर आली. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढेही त्याच कारणाने राहिले. ॲल्युमिनियमचा कुकर तिथल्या इंडक्शन शेगडीवर तापत नाही, हे आम्हांला तो विकत घेतल्यावर कळले. वजिराबादेतून आणलेल्या जाडजूड कोटाने एकट्याने तीन किलो खाल्ले. थंडीचा कोट तिकडेच घ्यावा हे शहाणपणही उशिराचेच. डाळ दोन किलोंवर आली. येसर मात्र राहिला.

सामानाची अडचण डोळ्यांना दिसते. पैशाची तशी दिसत नाही. आमच्या घराण्याला परक्या चलनाची ओळख जुनी आहे. निजामाच्या काळात आजोबा लातूरहून अरुंद रुळांच्या गाडीने बार्शीला जात. इकडे हाली सिक्का, तिकडे इंग्रजांच्या मुलखात कलदार; सात हालीला सहा कलदार असा ढोबळ भाव. गाडीत बसण्यापूर्वी आजोबा हा हिशेब आजीला मोठ्याने सांगत, म्हणजे परतल्यावर उरलेले पैसे दोघांनाही जुळवता येत. लेकीच्या बाबतीत आम्ही नेमके हेच केले नाही.

ती जर्मनीला निघाली होती. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे ऐकून आम्ही सुरुवातीला फार हरखलो. परंतु व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम एका बंदिस्त खात्यात आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. रुपयांत ही रक्कम बारा लाखांच्या आसपास जाते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजाला अनुदान देणारी ‘पढो परदेश’ ही केंद्राची योजना २०१३-१४ पासून होती. २०२२-२३ पासून ती बंद झाली. आमच्यासारख्या घरांना तिची उणीव भासते ती अशा वेळी. बँकेने तारण मागितले, शेतजमीन तारणाला चालेना, तेव्हा लातूरच्या मामांनी आपल्या घराचे कागद पुढे केले. ते लेकीला ठाऊक होते. कर्जदार म्हणून सही तिचीच होती. मात्र आपल्या वाट्याची रक्कम उभी करण्यासाठी आम्ही कंधार तालुक्यातले एक एकर विकले, हे तिला सांगितले नव्हते. मुलीने मोकळ्या मनाने जावे, एवढाच हेतू.

निघण्याच्या आठ दिवस आधी ती ट्रंकेत आपला बाप्तिस्म्याचा दाखला शोधत होती. मूळ कागद हातातल्या बॅगेतच ठेवायचे, म्हणून सारे काढून बसली होती. दाखल्याखालीच खरेदीखत निघाले.

ती रडली नाही. रागावली मात्र. “पप्पा, हे माझ्या हिशेबात नको का यायला?” एवढेच म्हणाली. आम्हांला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री जेवणानंतर तिने वही उघडली आणि आम्हा दोघांना समोर बसवले. मामांचे घर, बँकेचे व्याज, विकलेले शेत, सारे एका पानावर आले. दुसऱ्या पानावर ९९२ युरो: खोलीचे भाडे, आरोग्यविमा, जेवण, विद्यापीठाची वर्गणी. विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, पण पहिल्या सत्रात कामावर विसंबायचे नाही असे तिनेच ठरवले. नोंदणी करताना तिथे धर्म विचारतात. कॅथलिक लिहिले की पुढे नोकरी लागल्यावर प्राप्तिकराच्या आठ-नऊ टक्के चर्च-कर भरावा लागतो, ही माहितीही तिनेच दिली. रविवारी दानपेटीत दहाची नोट टाकणारे आम्ही गप्प बसलो. “लिहिणार ना?” आईने विचारले. “लिहिणारच,” ती म्हणाली.

पानाच्या तळाशी एक ओळ आधीपासून लिहिलेली होती: ‘नाताळ – जाण्यायेण्याचे तिकीट’. तिने पेन उचलला, जरा थांबली आणि ती ओळ खोडली.

हैदराबादच्या विमानतळावर बॅग साडेबावीस किलो भरली. उरलेल्या अर्ध्या किलोत काय बसले असते, याची चर्चा आम्ही परतीच्या वाटेवर नांदेड येईपर्यंत करीत होतो. खोडलेल्या ओळीविषयी दोघांपैकी कोणीच बोलले नाही.