नवे, जुने आणि ओळखीचे

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला आपल्या चीजवस्तूंचा हिशेब दर बदलीस एकदा करावाच लागतो. कपाटे, पलंग, तांब्यापितळेची भांडी यांची विल्हेवाट सोपी असते. काही बरोबर येते, काही गावी जाते, काही शेजाऱ्याच्या माळ्यावर कायमचे राहते. प्रश्न उरतो तो वाहनाचा. आम्ही भोपाळहून बंगळूरला आलो तेव्हा तेथली मोटार तेथेच विकून आलो आणि मारतहळ्ळीस बिऱ्हाड केले. या गावाच्या नावाच्या दोन कथा पहिल्याच आठवड्यात कानी आल्या. कोणी म्हणे, हे मारुतीचे गाव. कोणी म्हणे, शेजारच्या कारखान्यात जन्मलेल्या ‘मारुत’ विमानाचे. आमच्या कचेरीतले एक मराठी सद्गृहस्थ मात्र ते ‘मराठाहळ्ळी’ असे ठासून उच्चारतात आणि त्यामुळे त्यांना येथे परके वाटत नाही, असे सांगतात. आम्हांला तेवढ्याने भागले नाही. रिंगरोडवरच्या पुलाखाली तोडक्यामोडक्या कन्नडात रिक्षा ठरवताना आम्ही पुरते परके होतो.

मोटार घ्यावयाची हे ठरले, आणि त्याच आठवड्यात धाकट्या बंधूंचा गावाहून फोन आला. आमचे गाव खानापूर तालुक्यातले, विट्याच्या बाजूचे. टेंभू योजनेचे पाणी शिवारात आले आणि आमच्या सहा एकरांना प्रथमच बारमाही काम मिळाले. बैलजोडी विकून चार वर्षे झालेली. भाड्याचा ट्रॅक्टर वापसा असता येत नाही आणि येतो तेव्हा वापसा नसतो. तेव्हा बंधूंनी विचारले, “दादा, ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय. नवा घेऊ का जुना? तुम्ही सांगाल तसं.”

‘तुम्ही सांगाल तसं’ हे शब्द ऐकून कोणत्याही सरकारी मनुष्याचा अहंकार जागा होतो. आम्ही त्याच रात्री एक तक्ता तयार केला. डाव्या स्तंभात नवा, उजव्या स्तंभात जुना. नव्याच्या बाजूला वॉरंटी होती, कंपनीची सेवा होती, बँकेचे कर्ज होते; शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आल्याचा लाभ होता. जुन्याच्या बाजूला आम्ही एकच शब्द लिहिला: ‘जोखीम’. भोपाळचा अनुभव ताजा होता. तेथे एका विक्रेत्याकडून आम्ही जुनी मोटार घेतली होती. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर. आणि दोन महिन्यांनी गाडीच्या खणात कागदाच्या बोळ्याखाली जी सर्व्हिसची चिठ्ठी सापडली, तीवर नव्वद हजार. ही चिठ्ठी आम्ही अजून जपून ठेवली आहे. माणसाने आपल्या मूर्खपणाचे कागद फाडू नयेत.

तक्ता बंधूंकडे गेला. उत्तर दोन दिवसांनी आले, आणि ते तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसणारे नव्हते. नव्यासाठी सात-आठ लाख लागणार, कर्जासाठी जमीन तारण द्यावी लागणार आणि सातबारावर दोघांची नावे असल्यामुळे आमची सही लागणार. आमच्या वडिलांनी विहिरीचे कर्ज अठरा वर्षे फेडले. सातबारा कोरा झाला त्या दिवशी त्यांनी तो उतारा देवघरात ठेवला होता, आणि पुढच्याच पावसाळ्यात ते गेले. त्या उताऱ्यावर पुन्हा बोजा चढवण्याच्या कागदावर आम्ही बंगळूरहून सही करून पाठवावी, असा त्या नव्या ट्रॅक्टरचा खरा अर्थ होता. जुना घ्यावयाचा तर तीन-साडेतीन लाख रोख हवे होते. ते आमच्याकडे होते, परंतु मोटारीसाठी ठेवलेले.

बंधूंचा हिशेबही आमच्यापेक्षा सरस निघाला. शेतीच्या अभियांत्रिकीत ट्रॅक्टरचा खर्च मांडताना सामान्यतः त्याचे आयुष्य दहा वर्षे आणि वर्षाचे काम 1000 तास धरतात. नवे यंत्र परवडावयाचे तर ते तितके राबले पाहिजे. आमच्या सहा एकरांची नांगरट, रोटाव्हेटर, सरी, वाहतूक सारे मिळून, बंधूंच्या मते, वर्षाकाठी शे-सव्वाशे तासांवर जात नाही. उरलेले तास लोकांच्या रानात भाड्याने घालवले तरच हप्ता निघेल. म्हणजे शेतकऱ्याने शेती सोडून ट्रॅक्टरचा चाकर व्हावयाचे. आणि जुना म्हणजे कोणता? गल्लीतल्याच एका शेतकऱ्याचा, आठ वर्षांचा. “दादा, सहा वर्सं त्यानंच आपलं रान नांगरलंय. त्याचा खोकला मला ठाऊक हाय.”

तरीही आम्ही कर्तव्य म्हणून तपासणीच्या सूचना धाडल्या. इंजिन गरम झाल्यावर ब्रीदरमधून धूर किती येतो ते पाहावे. नांगर उचलून धरावा आणि हायड्रॉलिक हळूहळू खाली बसते का ते न्याहाळावे. पुढच्या ॲक्सलच्या पिनांना खेळ किती आहे ते हाताने हलवून पाहावे. इंजिन व चेसिसचे क्रमांक आरसी बुकाशी ताडावे. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद झाल्याशिवाय पैसा देऊ नये. बंधूंनी कळवले की पहिल्या तिन्ही गोष्टी वळणावरच्या मिस्त्रीने आधीच केल्या आहेत, कारण त्या ट्रॅक्टरचे इंजिन मागील साली त्यानेच खोलले होते. बोजाची गोष्ट तेवढी आमच्याकडून नवी मिळाली. एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सल्ल्याचे मूल्य एकपंचमांश भरले, हेही थोडके नव्हे.

पैसे गावी गेले. आमच्या मोटारीच्या थैलीला भगदाड पडले. तेव्हा नव्या-जुन्याचा प्रश्न आता आमच्या दाराशी आला. सौभाग्यवतींचे मत स्पष्ट होते. “अहो, कर्ज काढा, पण नवीच घ्या. इथे आपलं कोण आहे?”

वाक्य साधे होते, पण आमच्या मनात ते रुतून बसले. नव्या मोटारीच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी आम्हां बदलीवाल्यांना पाठ असतात. 2021 च्या सप्टेंबरपासून भारत मालिकेचा क्रमांक मिळू लागला आहे. सरकारी नोकराने तो घेतला की कर दोन-दोन वर्षांचा भरावा आणि गाडी राज्याराज्यांतून बरोबर न्यावी. बारा महिन्यांहून अधिक परराज्यात राहिलो म्हणून नवी नोंदणी, ना-हरकत दाखला, भरलेल्या कराचा परतावा मागणे, हा सारा छळ वाचतो. उलट बाजूला विमाकंपन्यांचे घसाऱ्याचे कोष्टक आहे. पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षाअखेर 15, दुसऱ्या वर्षी 20, मग 30, 40, आणि पाचव्या वर्षाअखेर 50. म्हणजे पाच वर्षांची गाडी घेणारा पहिल्या मालकाच्या हौसेचा निम्मा खर्च वाचवतो. हे सारे खरे. परंतु भोपाळची चिठ्ठी खणात होती. गावात बंधूंनी ट्रॅक्टर घेतला नव्हता, ओळख घेतली होती. आम्हांला येथे ओळख नव्हती, म्हणून आम्ही वॉरंटी घेणार होतो. परमुलखातला माणूस नव्या वस्तूला जी अधिक किंमत मोजतो, ती पुष्कळशी या एकटेपणाची असते.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. विमान कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने 1940 च्या डिसेंबरात काढला, एवढे सांगून आम्ही त्यांच्यापुढे मराठीपणाचा थोडा मोठेपणा मिरवला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि आम्हांस ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने कानपूरला मोडून टाकून दिली होती. कोणाला पुन्हा वापरता येऊ नयेत अशा बेताने. स्वतंत्र भारताला जड बाँबफेकी विमाने हवी होती आणि नवी परवडत नव्हती. तेव्हा याच कारखान्याच्या माणसांनी ती भंगारातली विमाने उडण्याजोगी करून बंगळूरला आणली, खोलली, दुरुस्त केली. 1948 च्या नोव्हेंबरात त्यांवर वायुदलाची 5 क्रमांकाची तुकडी उभी राहिली. ही विमाने 1968 पर्यंत सेवेत होती. आणि 1974 साली त्यांतलेच एक ब्रिटनच्या वायुदल संग्रहालयाला भेट दिले गेले. ज्यांनी मोडले त्यांनाच ते चालते होऊन परत मिळाले.

“मग जुने घ्यावे म्हणता?” आम्ही विचारले.

“तसे नाही. ती विमाने चालली, कारण खोलणारा शेजारी होता,” फोरमनसाहेब म्हणाले. त्याच काळात सरकारने कांस गवताने ग्रासलेली मध्य भारतातली जमीन फोडण्यासाठी अमेरिकन सैन्याने मागे टाकलेले ट्रॅक्टर वापरून पाहिले होते; पण 1949 साली नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेचे एक कोटी डॉलरचे कर्ज घ्यावेच लागले, हे आम्हांला त्या वेळी आठवले. एकच सरकार, तीच वर्षे. एकीकडे जुने, दुसरीकडे नवे. दोन्ही निर्णय शहाणपणाचे होते.

त्यानंतर आठवड्याने फोरमनसाहेब एक जाडजूड वही घेऊन आले. त्यांची स्वतःची मोटार सहा वर्षांची. डोळ्यांमुळे त्यांनी चालवणे सोडले होते. वहीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक तेलबदल, प्रत्येक टायर, किलोमीटरचा प्रत्येक आकडा; शेरे कन्नडात. विमानाची वही ठेवणाऱ्या हाताने मोटारीची ठेवली होती. किंमत त्यांनी सांगितली ती बाजाराहून कमी नव्हती, आणि आम्ही घासाघीस केली नाही. सौभाग्यवतींनी वही चाळली, एक अक्षर न कळता मिटली आणि चहा ठेवला. निर्णय तेव्हाच झाला.

नाव बदलण्याबाबत मात्र फोरमनसाहेबांनी मैत्रीवर भिस्त ठेवली नाही. फॉर्म 29 आणि 30 भरून ते स्वतः आमच्याबरोबर परिवहन कचेरीत आले. शासनदप्तरी ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. ओळखीने वस्तू घ्यावी, कागद मात्र अनोळख्यासारखे करावेत, हा धडा आम्ही बंधूंनाही त्याच संध्याकाळी कळवला. त्यांचा ट्रॅक्टर तोवर मूळ मालकाच्याच नावावर होता.

मोटारीवर कर्नाटकाचा क्रमांक आहे. पुढच्या वर्षी बदली झाली तर भारत मालिकेचा मोह टाळल्याचा पश्चात्ताप होईल का, असे सौभाग्यवतींनी एकदा विचारले. होईलही. तेव्हा गाडी येथेच विकावी लागेल, आणि ती वहीसकट द्यावी लागेल. म्हणून आता प्रत्येक तेलबदलाची नोंद आम्ही त्या कन्नड शेऱ्यांच्या खाली मराठीत करतो. फोरमनसाहेब महिन्यातून एकदा वही मागून घेतात, आमचे अक्षर त्यांना वाचता येत नाही, आकडे तेवढे तपासतात आणि शेवटी आपली सही करून परत देतात.